आजीचे कपाट रंगवावे का?

पुण्यातील एका वाचक भगिनीने पाठवलेल्या पत्राचा सारांश असा आहे: ‘गेल्या वर्षी आम्ही कोथरूडला दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायला आलो. घरात पती, सासूबाई, चार वर्षांची मुलगी आणि मी. नवे फर्निचर घेण्याऐवजी मी जुने जमवते आहे. वाईच्या घरातून आलेले आजीचे काचेच्या दारांचे सागवानी कपाट, जुन्या बाजारातून आणलेले आकाशी रंगाचे पोपडे निघालेले ड्रेसिंग टेबल, वेताच्या विणीच्या दोन वेगवेगळ्या खुर्च्या आणि एका सहकाऱ्याने बदली झाल्यावर दिलेले सनमायकाचे टेबल, एवढे जमले आहे. फोनवर पाहिलेल्या चित्रांसारखे हे सगळे फिकट पांढऱ्या रंगात रंगवून, कडा मुद्दाम घासून, जुनाट दिसेल असे करावे, असे मनात आहे. आजीच्या कपाटाला रंग लावायला बाबा नको म्हणतात. लोकांच्या घरातल्या वापरलेल्या वस्तू सासूबाईंना आवडत नाहीत. भाड्याच्या घरावर इतका जीव कशाला लावायचा, असे पतींना वाटते. मला रांगोळीखेरीज चित्रकला येत नाही, पण घर आपल्यासारखे दिसावे असे फार वाटते. मी काय रंगवू आणि कोणत्या रंगात?’

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य मी सर्वांत महत्त्वाचे मानते. घर आपल्यासारखे दिसावे ही इच्छा अगदी रास्त आहे आणि ती पुरी करायला रंगवलेले जुने फर्निचर हा कमी खर्चाचा व आनंदाचा मार्ग आहे. मात्र चारही वस्तू एकाच फिकट पांढऱ्या रंगात बुडवल्या, तर तुमचे घर त्या फोनमधल्या घरांसारखे दिसेल. तुमच्यासारखे दिसेल का, याविषयी मला शंका आहे. एखाद्या घराला स्वतःचा चेहरा येतो तो कोणती वस्तू रंगवायची आणि कोणती तशीच ठेवायची, या निवडीतून, आणि रंग कुठून घ्यायचा, या निर्णयातून. म्हणून तुमच्या वस्तूंचा मी एकेक करून विचार करते.

आजीच्या कपाटापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक झाली तर ती पुरती दुरुस्त होत नाही. ते कपाट रंगवू नका. बाबांचे मन राखायचे हे एक कारण आहेच, पण लाकडाच्या बाजूनेही माझे मत हेच आहे. सागाच्या लाकडाला उघडी रंध्रे असतात. त्यांत एकदा तैलरंग मुरला की पुढे कितीही खरवडले आणि रसायन लावले तरी रेषांमध्ये त्याचे कण राहतात आणि नक्षीच्या खोबणींमधून तर तो निघतच नाही. शिवाय जुन्या सागवानावर पांढरा रंग दिला की लाकडातील तेलकट द्रव्ये आणि जुन्या पॉलिशचा रंग काही दिवसांत वर येतो व पांढऱ्यावर पिवळे-तपकिरी डाग पडतात. ते थांबवण्यासाठी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा अडसराचा हात आधी द्यावा लागतो. इतका खटाटोप करून आपण काय झाकणार, तर आज सहजी मिळत नाही असे सरळ रेषांचे जुने लाकूड.

ते कपाट खरोखर सागवानीच आहे ना, हे मात्र एकदा पाहून घ्या. पुढच्या बाजूवरून कळत नाही, म्हणून मागची फळी आणि खणाचा तळ पाहा. खण पूर्ण बाहेर काढून कोपरा निरखा. दोन फळ्यांचे दात एकमेकांत गुंतवून सांधा केलेला असेल, तर ते काम मन लावून करणाऱ्या सुताराचे आहे. मागची फळी हलक्या लाकडाची निघाली तरी निराश होऊ नका, चांगल्या कपाटांनाही पाठ बहुधा स्वस्त लाकडाचीच असते.

त्या कपाटात तुमची आवड दाखवायला जागा आहे, आणि ती आतल्या बाजूला आहे. पाठीच्या मापाचे पातळ प्लायचे तुकडे कापून घ्या, त्यांवर कापड ताणून लावा आणि ते फळ्यांच्या मागे नुसते टेकवून ठेवा. कपाटाला खिळा नाही, गोंद नाही, रंगही नाही. आजीच्या किंवा आईच्या जुन्या खणाच्या चोळ्या, विरलेल्या इरकली लुगड्याचा काठ, असे काही घरात जपून ठेवलेले असेल तर काचेमागे ते फार सुंदर दिसते. बाहेरून कपाट नुसते स्वच्छ करा. मऊ फडके कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून घट्ट पिळून घ्या, पुसून लगेच कोरडे करा, आणि मग पॉलिशवाल्याकडून लाखेच्या पॉलिशचे एक-दोन हात देऊन घ्या. स्वतः जवसाचे तेल लावणार असाल, तर तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवून, पसरून, उघड्यावर वाळवावीत.

आता जुन्या बाजारातल्या ड्रेसिंग टेबलाकडे वळते, आणि इथे मला थोडे कडक बोलायचे आहे, कारण घरात चार वर्षांची मुलगी आहे. आपल्याकडे घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये जाहीर झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यांनुसार रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये. त्याआधीच्या तैलरंगांत, विशेषतः पिवळ्या, केशरी आणि लाल छटांत, शिसे खूप अधिक असू शके. तुमचे टेबल वरून आकाशी असले तरी त्याखाली कोणते थर आहेत हे दिसत नाही. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते आणि ते शरीरात जाते मुख्यतः धुळीतून व पोपड्यांतून, कारण मुले हात तोंडात घालतात. कडा घासून खालचे जुने रंग दाखवण्याची जी पद्धत तुम्हाला आवडली आहे, ती याच कारणाने तुमच्या घरात नको. जुने थर उघडे ठेवणे हे त्या पद्धतीचे सौंदर्य असते, आणि तुमच्या घरात नेमका तोच धोका आहे.

म्हणजे टेबल टाकून द्यावे असे नाही. जुना रंग जिथे घट्ट बसलेला आहे तिथे तो मुळापासून काढण्याची गरजच नसते. तो खाली बंद करून टाकणे अधिक सुरक्षित असते. सुटलेले पोपडे पाण्याने ओले करून पत्र्याच्या पातीने अलगद काढा, आणि मग वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओल्यानेच घासा. कोरडा पॉलिश पेपर, घासण्याचे यंत्र आणि रंग जाळून काढण्याची फुंकणी या तिन्ही गोष्टी वर्ज्य समजा. काम गच्चीवर करा, खाली प्लॅस्टिक पसरा, तोंडाला साधे फडके न बांधता बारीक धूळ अडवणारा चांगला मास्क लावा, निघालेला सगळा गाळ त्याच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बांधून टाका आणि ते कपडे वेगळे धुवा. त्या दिवशी मुलीला तिथे येऊ देऊ नका. झाडूने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. इतके सगळे जमणार नसेल, तर हे काम एखाद्या जाणकार रंगाऱ्याला गच्चीवर किंवा त्याच्या जागी करायला सांगा, आणि त्यालाही ओल्यानेच घासायला लावा.

टेबल वाळले की भेगा आणि खिळ्यांची भोके लांबीने (पुट्टीने) भरून घ्या, लाकडाच्या प्रायमरचा एक हात द्या, तो पूर्ण वाळल्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवून घ्या (हा थर नवा असल्याने त्याची भीती नाही, मात्र हात हलकाच ठेवा, म्हणजे खालचा थर उघडा पडणार नाही) आणि मग रंगाचे दोन पातळ हात द्या. एक जाड हात देण्याचा मोह टाळावा. जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो, ओघळतो आणि पुढे त्याला सुरकुत्या पडतात. तैलरंग हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला त्याला बरेच दिवस लागतात. म्हणून निदान आठवडाभर त्यावर आरसा, डबे, बाटल्या काही ठेवू नका, नाहीतर वस्तू उचलताना रंगही उचलला जाईल. वास सहन होत नसेल तर पाण्यात मिसळणारे एनॅमल रंग आता सगळीकडे मिळतात. मूल असलेल्या घरात मी तेच सुचवीन.

हल्ली ज्याची फार चर्चा असते तो चॉक पेंट ब्रिटनमध्ये अ‍ॅनी स्लोन यांनी १९९० मध्ये आणला. तो प्रायमरशिवायही बहुतेक पृष्ठभागांवर बसतो आणि त्याचा पोत खडूसारखा मऊ, बिनचकाकीचा दिसतो, हे खरे. परंतु त्यावर मेण किंवा पारदर्शक वॉर्निश दिले नाही तर तो हातांचा मळ पटकन धरतो, आणि मेणाच्या थरावर गरम कपाचा वर्तुळाकार डाग उमटतो. रोज तेल, पावडर, कुंकू सांडणाऱ्या ड्रेसिंग टेबलावर मी तो वापरणार नाही.

खुर्च्यांचे थोडक्यात सांगते. लाकडी चौकट रंगवा, वेताची वीण रंगवू नका. बसताना वेत लवचिकपणे दबतो, रंगाला तसे दबता येत नाही, त्यामुळे तो तडकतो आणि कपड्यांना लागतो. वीण फाटली असेल तर वेतकाम करणाऱ्याकडून नवी भरून घ्या. दोन खुर्च्या वेगवेगळ्या आहेत याची खंत करू नका. चौकटी एकाच रंगाच्या झाल्या की त्या जोडीच्या दिसतील.

सनमायकाच्या टेबलाबद्दल मला फारसा उत्साह नाही. गुळगुळीत सनमायकावर रंग धरत नाही; सनमायका बारीक पॉलिश पेपरने घासून मंद करावा लागतो आणि घट्ट चिकटून बसणारा खास प्रायमर लावावा लागतो, तरीही कडांवरून रंग उडतोच. टेबलाच्या कडा फुगल्या असतील तर आतला भुश्शाचा बोर्ड पाणी प्यायलेला आहे, आणि त्यावर उपाय नाही. वापरलेली वस्तू विकत घेताना हीच कसोटी पुढेही लक्षात ठेवा: हलणारे पाय, निघालेली बिजागरी, तुटकी मूठ सुतार तासाभरात नीट करतो, पण फुगलेला बोर्ड कोणीही नीट करू शकत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी जाल, अथवा मुंबईला गेलात तर जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात फिराल, तेव्हा वरच्या चकाकीकडे न पाहता वस्तू उलटी करून पाहण्याची सवय लावा.

आता रंगाविषयी, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

रंग फोनमधून घेऊ नका. तुम्ही लिहिले आहे की घर आपल्यासारखे दिसावे; मग जे आपले आहे तिथूनच रंग घ्यायला हवेत. एका दुपारी कपाटातल्या तुमच्या सगळ्या साड्या, ओढण्या, कुर्ते पलंगावर पसरा आणि ज्यांच्याकडे हात वारंवार जातो ते वेगळे काढा. काही रंग पुन्हा पुन्हा दिसतील. कोणाच्या ढिगात मोरपंखी, चिंतामणी आणि राणी सापडेल, कोणाच्या ढिगात शेवाळी, आमसुली आणि मातकट. त्याबरोबर वाईच्या घराचीही आठवण काढा. आपल्याकडच्या जुन्या घरांत चुन्यात नीळ घालून दिलेल्या फिकट निळ्या भिंती, खाली गेरूचा पट्टा, कोब्याची हिरमिजी जमीन आणि गडद हिरवी किंवा तपकिरी दारे असत. ही रंगसंगती आपल्या प्रखर उन्हात शोभते, कारण ती त्या उन्हातच जन्मली. फिकट पांढरे, मुद्दाम झिजवलेले फर्निचर युरोपच्या उत्तरेकडच्या मंद, करड्या उजेडातल्या घरांमध्ये उजळ आणि प्रसन्न वाटते. तेच आपल्या पश्चिमेच्या खिडकीसमोर मे महिन्यात डोळ्यांना टोचते, आणि पुण्याच्या धुळीत चार महिन्यांत मळकट दिसते, असे माझे मत आहे.

निवडलेल्या रंगांतून तीन ठेवा. एक मुख्य, जो मोठ्या वस्तूला द्यायचा; दुसरा त्याला साथ देणारा, खुर्च्यांसाठी; आणि तिसरा अगदी थोडा, मुठी, खणाची आतली बाजू, टेबलाच्या पायांची टोके अशा जागी. आजीच्या कपाटाचा सागवानी तपकिरी रंग हा या तिघांबरोबर घरात राहणारा चौथा रंग आहे, हे विसरू नका. सागवानाच्या पिवळसर तपकिरीशेजारी निळसर हिरवा, अंजिरी किंवा गडद निळा छान बसतो. लिंबासारखा पिवळा मात्र त्याला मळकट करतो. रंगाच्या दुकानात छटापत्रिका मागा, एनॅमलचे ५० किंवा १०० मिलिलिटरचे लहान डबे मिळतात ते आणा, पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्यावर रंग लावा आणि तो तुकडा त्या खोलीत चार दिवस उभा करून ठेवा. सकाळी पाहा, दुपारी पाहा, रात्री दिवा लावून पाहा. पिवळसर उजेडाच्या दिव्याखाली निळा रंग हिरवट झुकतो आणि जांभळा तपकिरी दिसू लागतो, हे दुकानात कळत नाही.

चित्रकला येत नाही असे तुम्ही लिहिले आहे, पण ज्या हाताला ठिपक्यांची रांगोळी येते त्याला प्रमाणाची आणि समतोलाची उत्तम जाण असते. ड्रेसिंग टेबलाच्या खणांच्या दर्शनी भागावर पेन्सिलीने ठिपके मांडा आणि बारीक गोल कुंचल्याने तुमच्या नेहमीच्या हाताची एक रांगोळी काढा. रेषा थोडी जाड-बारीक झाली तरी चालेल, ती तुमच्या हाताची आहे हे त्यातूनच कळते. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांबरोबर पाट आणि चौरंगही रंगवले जातात, आणि तिथल्या राजवाड्यात शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी पुन्हा उभ्या केलेल्या गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या, कलेतील नक्षी पुढे पेट्यांवर आणि फर्निचरवरही उतरली. तळहातात मावणाऱ्या गोल पत्त्यावरची वेलबुट्टी चौरंगाच्या कडेवर किती संयमाने वापरली आहे, हे कधी तिकडे गेलात तर जवळून पाहा: मधला भाग एकरंगी मोकळा ठेवून नक्षी काठालाच ठेवलेली असते. तुमच्या खणांवरही तेवढीच जागा नक्षीला द्या. वारली चित्रे मात्र छापाने चिकटवू नका. ती एका समाजाची जिवंत कला आहे. हवी असतील तर वारली चित्रकाराला त्याचा मोबदला देऊन त्याच्याकडूनच काढून घ्यावीत.

तुमच्या पतींच्या आक्षेपाला एक उदाहरण देते. इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात चार्ल्स्टन नावाचे एक शेतावरचे घर आहे. १९१६ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, व्हनेसा बेल आणि डंकन ग्रँट हे दोन चित्रकार तिथे राहायला गेले आणि त्यांनी दारे, शेकोट्या, कपाटे, टेबले, पलंग, सगळ्यांवर रंगकाम केले. ते घर त्यांच्या मालकीचे नव्हते. ते भाडेकरू होते. तिथे साध्या, जुन्या वस्तूंची एकमेकींशी कसलीही जोडी जमत नव्हती, तरी ते सगळे एका घरातले वाटते, कारण ते त्याच हातांनी आणि त्याच मोजक्या मंद रंगांनी रंगवलेले आहे. आज ते घर लोकांना पाहण्यासाठी खुले आहे. तुम्हाला तर दारे-भिंतींना हात लावण्याचीही गरज नाही. भिंतीवर केलेला खर्च घर सोडताना मागे राहतो, फर्निचर टेम्पोत चढून तुमच्याबरोबर येते. पतींना हे आकडेमोडीसकट समजावून सांगा, ते पटण्यासारखे आहे.

सासूबाईंची नाराजी मी केवळ जुने विचार म्हणून बाजूला सारणार नाही. परक्या घरातल्या लाकडातून ढेकूण आणि भुंगेरा येतो, हा त्यांच्या पिढीचा प्रत्यक्ष अनुभव आहे. म्हणून प्रत्येक वस्तू घरात घेण्याआधी तिचे सांधे, खिळ्यांची भोके आणि खालची बाजू बॅटरीच्या उजेडात तपासा, आणि दोन-तीन दिवस ती गच्चीवर किंवा गॅलरीत ठेवून खाली जुने वर्तमानपत्र अंथरा. कागदावर ताजी, पिठासारखी बारीक पूड पडलेली दिसली तर आत किडा जिवंत आहे. मग भोकांत सिरिंजने कीडनाशक द्रव भरून, भोके लांबीने बुजवून, काही आठवडे पुन्हा पाहावे लागेल. हे सगळे सासूबाईंना दाखवून, त्यांच्यासमोर करा. देवघर आणि स्वयंपाकघर यांत वापरलेली वस्तू आणायची नाही, एवढी त्यांची इच्छा असेल तर ती मान्य करा. आणि पहिले काम म्हणून त्यांचा स्वतःचा चौरंग किंवा पाट रंगवायला घ्या, त्याचा रंग त्यांनाच निवडू द्या. लहान वस्तूवर तुमचा हातही बसेल, आणि पुढची वस्तू घरात आणताना त्या तुमच्या बाजूने बोलण्याची शक्यता बरीच वाढेल.

कामाची वेळही सांगते. पावसाळ्यात रंगकाम करू नका. दमट हवेत तैलरंग वाळता वाळत नाही आणि लाखेच्या पॉलिशवर पांढरट धुके धरते. पावसाळ्याचे महिने शोधाशोध, तपासणी आणि पुठ्ठ्यावरच्या रंगांच्या चाचण्या यांसाठी ठेवा, आणि दसऱ्यानंतर कोरडी हवा सुरू झाली की चौरंग, मग खुर्च्या आणि शेवटी ड्रेसिंग टेबल असा क्रम धरा. सनमायकाच्या टेबलाचा निर्णय त्यानंतर घ्या. प्रत्येक वस्तू पूर्ण झाली की तिच्या तळाशी रंगाची कंपनी, छटेचा क्रमांक आणि महिना पेन्सिलीने लिहून ठेवा, म्हणजे दोन-तीन वर्षांनी एखादा पाय खरचटला तर त्याच छटेचा लहान डबा मागवून तेवढाच भाग नीट करता येईल.